द्वेषाचे कलम आणि काशीमीऱ्याची फिर्याद

कायद्याच्या पुस्तकात एखादे कलम ज्या प्रसंगी शिरते, त्या प्रसंगाचा ठसा त्याच्यावर पुढे पिढ्यान्‌पिढ्या राहतो. प्रसंग विस्मृतीत जातो, तो घडवणारी माणसे जातात, राज्यही पालटते, परंतु कलमाचा मूळ हेतू त्याच्या शब्दरचनेत दडून राहतो आणि अगदी निराळ्या काळी, निराळ्या कज्ज्यात तो अकस्मात आपले अस्तित्व जाणवून देतो. २०२५ सालच्या जून महिन्याच्या अखेरीस मराठी बोलण्यावरून निघालेल्या वादात मीरा रोडच्या एका मिठाईच्या दुकानदाराला मारहाण झाली आणि त्याची फिर्याद काशीमीरा पोलीस ठाण्यात नोंदली गेली, तेव्हा नेमके हेच घडले. समूहद्वेषातून होणाऱ्या गुन्ह्यांविषयीचा आपला कायदा कुठवर पोहोचतो आणि कुठे थांबतो, याची ती फिर्याद म्हणजे एक कसोटीच होती. आणि तो तिथेच का थांबतो हे समजून घ्यावयाचे तर आरंभ १८९७ च्या पुण्यापासून करावा लागतो.

त्या वर्षी पुण्यात प्लेगचा कहर होता, २२ जूनच्या रात्री प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली गेली होती, आणि ‘केसरी’त त्याच महिन्यात आलेल्या मजकुरावरून लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरण्यात आला. मुंबईच्या उच्च न्यायालयात न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी ज्युरीला कायदा समजावून सांगताना राजद्रोहाच्या कलमातील ‘अप्रीती’ म्हणजे प्रीतीचा अभाव, असा विलक्षण अर्थ लावला; १४ सप्टेंबर रोजी सहा विरुद्ध तीन मतांनी टिळक दोषी ठरले आणि त्यांना अठरा महिन्यांच्या सक्तमजुरीची शिक्षा झाली. शिक्षा मिळाली तरी सरकारचे समाधान झाले नाही. न्यायमूर्तींनी ओढूनताणून लावलेला अर्थ कायद्याच्या संहितेतच पक्का करून टाकावा असे त्याला वाटले, आणि कायदेमंत्री चामर्स यांनी आणलेल्या मसुद्यावरून १८९८ चा चौथा कायदा संमत झाला. त्याने राजद्रोहाचे १२४अ हे कलम अधिक व्यापक केले, आणि त्याच हातासरशी १५३अ हे एक नवे कलम दंडसंहितेत घातले. राणीसरकारच्या प्रजेतील निरनिराळ्या वर्गांत वैर किंवा द्वेष उत्पन्न करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद, असा त्याचा आशय होता.

मुंबईत १८९३ च्या ऑगस्टात झालेला हिंदू-मुसलमानांचा दंगा तेव्हा लोकांच्या चांगला स्मरणात होता, त्यामुळे असे कलम असावे या म्हणण्यात वरकरणी वावगे काहीच नव्हते. परंतु ते राजद्रोहाच्या कलमाचे जुळे भावंड म्हणून जन्मास आले, ही गोष्ट दृष्टीआड करता येत नाही. दोन जमातींतील वैराने ज्याचे घर जळते, ज्याच्या अंगावर काठी पडते, त्या माणसाचा त्या कलमात कुठेही उल्लेख नाही. त्यात प्रजेचे वर्ग आहेत, शब्द आहेत, चिन्हे आहेत, आणि या सर्वांमागे सरकारची शांतता आहे. शिवाय असा खटला सरकारच्या मंजुरीवाचून कोणाही फिर्यादीस चालविता येऊ नये, अशी व्यवस्था फौजदारी कार्यपद्धतीत ठेवण्यात आली. रोगाची लक्षणे कोणती हे कायद्याने सांगितले आणि तो झाला की नाही हे ठरविण्याचा अधिकार मात्र सरकारने आपल्याकडे राखून ठेवला.

हा अधिकार कोणत्या दिशेने वापरला जाईल हे दहाच वर्षांत स्पष्ट झाले. १९०८ साली ‘देशाचे दुर्दैव’ आणि ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ या दोन लेखांवरून टिळकांवर पुन्हा खटला झाला, त्यात राजद्रोहाच्या दोन आरोपांच्या जोडीला १५३अ चा तिसरा आरोप होता. एतद्देशीय आणि युरोपीय हे प्रजेचे दोन वर्ग, आणि त्यांच्यात टिळक द्वेष पसरवितात, असा त्याचा मथितार्थ. सात युरोपीय आणि दोन पारशी अशा ज्युरीने २२ जुलै रोजी सात विरुद्ध दोन मतांनी निर्णय दिला. पहिल्या दोन आरोपांबद्दल न्यायमूर्ती दावर यांनी प्रत्येकी तीन, मिळून सहा वर्षांची हद्दपारी फर्मावली, आणि वर्गद्वेषाबद्दल एक हजार रुपये दंड केला. राज्यकर्त्या वर्गाला टीकेपासून संरक्षण देण्यासाठी द्वेषाचे कलम हाती घेतले जाते तेव्हा त्याचे काय होते, याचा हा आपल्या मुलखातील पहिला मोठा दाखला होय.

यानंतरची प्रत्येक दुरुस्ती एखाद्या क्षोभाच्या पाठोपाठ आली. लाहोरच्या एका पुस्तिकेच्या प्रकाशकाला तेथील उच्च न्यायालयाने १९२७ साली दोषमुक्त केले. दिवंगत धर्मसंस्थापकावरील टीका, ती कितीही अश्लाघ्य असली तरी, १५३अ च्या कक्षेत येत नाही असा निर्णय झाला, आणि त्यातून उसळलेल्या संतापाला उत्तर म्हणून त्याच वर्षी धार्मिक भावना बुद्धिपुरस्सर दुखावण्याचे २९५अ हे कलम जन्मास आले. स्वातंत्र्यानंतर, जबलपूरचा १९६१ च्या फेब्रुवारीतला दंगा आणि त्यापूर्वीच्या वर्षीची आसामातील भाषिक दंगल या पार्श्वभूमीवर संसदेने १५३अ नव्याने लिहिले. शिक्षा तीन वर्षांपर्यंत गेली, आणि ‘वर्ग’ या संदिग्ध शब्दाच्या ठिकाणी धर्म, वंश, भाषा, जात, समाज अशी उघड यादी आली. भाषावार प्रांतरचनेसाठी ज्या महाराष्ट्राने हुतात्मे दिले, त्याचे राज्य स्थापन होऊन पुरते दीड वर्षही झाले नव्हते, तोच भाषेवरून पसरविलेले वैर हा देशाच्या दंडसंहितेत गुन्हा ठरला. पुढे राष्ट्रीय एकात्मता परिषदेची श्रीनगरला १९६८ साली बैठक झाली आणि १९६९ च्या दुरुस्तीने त्या यादीत जन्मस्थान आणि निवास यांची भर पडली. मुंबईत तेव्हा भूमिपुत्रांच्या नोकऱ्यांचे आंदोलन ऐन भरात होते आणि त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत सीमाप्रश्नावरून शहर पेटून उठले होते.

यादी वाढत गेली, मंजुरीचा अधिकार मात्र जिथल्या तिथे राहिला. १९९२-९३ च्या मुंबईतील दंगलीत सरकारी गणतीप्रमाणे नऊशे माणसे मेली; दंगलीच्या दिवसांत शिवसेनेच्या ‘सामना’त आलेल्या अग्रलेखांबद्दल १५३अ खाली खटला भरण्याचा हुकूम सरकारला द्यावा, अशी मागणी राज्याचे माजी मुख्य सचिव जे. बी. डिसोझा यांनी सहअर्जदारासह उच्च न्यायालयाकडे केली. सचिवालयाचे दप्तर ज्याने आयुष्यभर हाताळले, अशा अधिकाऱ्यालाही हे कलम हलविण्यासाठी न्यायालयाच्या दारात उभे राहावे लागले, यातच त्या व्यवस्थेचे मर्म आले. १९९४ साली तो अर्ज फेटाळला गेला.

या सरकारकेंद्री परंपरेच्या शेजारीच दुसरी एक परंपरा आपल्याकडे उभी राहिली, आणि तिचा उगम राज्यकर्त्यांच्या धास्तीत नसून माणसाच्या अपमानात आहे. घटनेच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. त्या अनुच्छेदाच्या अंमलबजावणीसाठी १९५४ साली विधेयक आले तेव्हा राज्यसभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याच्या शीर्षकापासूनच आक्षेप घेतला. हा कायदा अस्पृश्यांच्या नागरी हक्कांच्या संरक्षणाचा आहे आणि त्याचे नावही तसेच असावे, असे त्यांचे म्हणणे होते. शिक्षांच्या सौम्यपणावरही त्यांनी बोट ठेवले. १९५५ चा कायदा जुन्याच नावाने झाला, आणि एकवीस वर्षांनी, १९७६ साली, त्याचे नामांतर ‘नागरी हक्क संरक्षण कायदा’ असे झाले तेव्हा ते सुचविणारा पुरुष जगात नव्हता.

तोपर्यंत अत्याचारांचे स्वरूप पाणवठ्यावरील मज्जावापुरते उरले नव्हते. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने १९७८ च्या जुलैत केला आणि त्यानंतर मराठवाड्यातील दलित वस्त्यांवर जे गुदरले ते महाराष्ट्राने पाहिले. आंध्रातील कारमचेडूचे दलित हत्याकांड १९८५ साली घडले. या मालिकेतून १९८९ चा अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा निघाला आणि ३० जानेवारी १९९० पासून अंमलात आला. त्याची रचनाच निराळी होती. फिर्यादीला सरकारच्या मंजुरीची गरज नाही, आरोपीस अटकपूर्व जामीन नाही, तपास उपअधीक्षकाच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने करावयाचा, कर्तव्यात हेळसांड करणाऱ्या सरकारी नोकरालाही शिक्षा. इथे प्रथमच कायद्याने ज्याला मार बसला त्याच्या बाजूला उभे राहून प्रसंगाकडे पाहिले.

तथापि या कायद्यालाही एक अडसर होता. अपराध ‘त्या जातीचा आहे या कारणावरून’ झाला हे सिद्ध करण्याची जबाबदारी अभियोगपक्षावर होती. भंडारा जिल्ह्यातील खैरलांजीत २९ सप्टेंबर २००६ रोजी एका दलित कुटुंबातील चौघांची जमावाने हत्या केली. भंडाऱ्याच्या न्यायालयाने २००८ साली आठ जणांना दोषी ठरवून सहांना फाशीची शिक्षा दिली, नागपूर खंडपीठाने २०१० मध्ये ती पंचवीस वर्षांच्या कैदेत परावर्तित केली. परंतु अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालील गुन्हा ना खालच्या न्यायालयात सिद्ध झाला ना वरच्या. संपूर्ण महाराष्ट्र ज्याला जातीय अत्याचार म्हणून ओळखत होता, त्याची न्यायालयीन दप्तरात खून एवढीच नोंद राहिली. द्वेषाच्या कायद्यातील सगळ्यात बिकट प्रश्न हाच, की मनातला हेतू पुराव्याच्या कागदावर आणावयाचा कसा? त्याचे एक उत्तर संसदेने नंतर दिले. २६ जानेवारी २०१६ पासून अंमलात आलेल्या दुरुस्तीने गंभीर गुन्ह्यांपुरते ते शब्द बदलले: पीडिताची जात ठाऊक असताना गुन्हा केला, एवढे दाखविले तरी पुरे.

या दुरुस्तीला दोन वर्षे होतात न होतात तोच कायद्याचे चाक उलटे फिरविण्याचा प्रसंग आला, आणि तोही महाराष्ट्रातूनच. कऱ्हाडच्या सरकारी औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयातील एका कर्मचाऱ्याच्या गोपनीय अहवालातील शेऱ्यांवरून सुरू झालेले प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. २० मार्च २०१८ रोजी न्यायमूर्ती गोयल आणि लळित यांनी कायद्याचा दुरुपयोग होतो या कारणास्तव अटकेपूर्वी मंजुरी आणि गुन्हा नोंदण्यापूर्वी प्राथमिक चौकशी यांची अट घातली. ज्या मंजुरीच्या अडसरापासून हा कायदा जाणीवपूर्वक मुक्त ठेवला होता, तोच मागच्या दाराने आत आला, ही भावना देशभर पसरली. २ एप्रिलला भारत बंद झाला, ऑगस्टात संसदेने १८अ हे कलम घालून दोन्ही अटी निष्प्रभ केल्या, पुढल्या वर्षी न्यायालयाने आपले ते निर्देश स्वतःच मागे घेतले, आणि १० फेब्रुवारी २०२० रोजी दुरुस्ती वैध ठरली. दंडाची वर्षे किती, यापेक्षा फिर्याद कोणाच्या परवानगीने चालते हा प्रश्न किती खोलवर जातो, हे या दोन वर्षांनी दाखविले.

जात वगळता इतर द्वेषांसाठी मात्र असा कायदा झाला नाही. त्याचे मसुदे तेवढे अनेक झाले. परप्रांतात जाऊन राहणाऱ्यांच्या हितासाठी काम करणाऱ्या ‘प्रवासी भलाई संघटने’ने द्वेषमूलक भाषणांविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली, तेव्हा १२ मार्च २०१४ रोजी न्यायालयाने नवा कायदा करण्याचे काम आपले नव्हे असे सांगून प्रश्न विधी आयोगाकडे सोपविला, आणि योगायोग असा की तो निकाल लिहिणारे न्यायमूर्ती बी. एस. चौहान हेच पुढे आयोगाचे अध्यक्ष झाले आणि २०१७ च्या मार्चमध्ये त्यांच्याच आयोगाने २६७ वा अहवाल सादर करून १५३क आणि ५०५अ अशी दोन नवी कलमे सुचविली. ती कागदावरच राहिली. २०१८ च्या १ जुलैला धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून भटक्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना जमावाने ठेचून मारले. त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने जमावहत्येसाठी स्वतंत्र कायदा करण्याची शिफारस संसदेला केली. १ जुलै २०२४ रोजी जुन्या दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता अंमलात आली तेव्हा तिच्यात त्या शिफारशीचा काही अंश उतरला. पाच किंवा अधिक जणांनी मिळून वंश, जात, समाज, लिंग, जन्मस्थान, भाषा, वैयक्तिक श्रद्धा अशा कारणावरून खून केला तर जन्मठेप किंवा मृत्युदंड, आणि जबर दुखापत केली तर सात वर्षांपर्यंत कैद. या यादीत धर्म हा शब्द नाही. १५३अ चे नवे रूप असलेल्या १९६ व्या कलमात तो आहे. एकाच संहितेत द्वेषाच्या दोन याद्या, आणि त्या एकमेकींशी जुळत नाहीत.

हा कायदा आता काशीमीऱ्यात लावून पाहावा. काशी आणि मीरा ही मूळची दोन गावे. मुंबई-अहमदाबाद हमरस्त्याला घोडबंदरची वाट जिथे फुटते तिथे वसलेली, पलीकडे भाईंदरची मिठागरे, किनाऱ्याला उत्तनचे कोळी, आणि या साऱ्या मुलखावर चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेची स्मृती. मुंबईत घर न परवडणारे लोक इकडे सरकले, तशी २००१ साली पाच लाखांवर असलेली मीरा-भाईंदरची वस्ती दहा वर्षांत आठ लाखांवर गेली. गुजराती, मारवाडी, उत्तर भारतीय, मुसलमान, ख्रिस्ती, आणि कोकणातून व घाटावरून आलेला मराठी माणूस असे सारे एका महानगरपालिकेच्या हद्दीत दाटीने राहू लागले. पूर्वी ठाणे ग्रामीण पोलिसांकडे असलेली ही हद्द १ ऑक्टोबर २०२० पासून स्वतंत्र आयुक्तालयाखाली आली. २०२४ च्या जानेवारीत अयोध्येच्या प्राणप्रतिष्ठेच्या आदल्या रात्री नयानगरात झालेल्या हाणामारीने हे शहर धर्माच्या अंगाने पेटलेले सर्वांनी पाहिले होते; दीड वर्षाने पाळी भाषेची आली.

पहिलीपासून हिंदी शिकविण्याच्या शासननिर्णयांवरून राज्यात वातावरण तापले होते आणि २९ जून २०२५ रोजी सरकारने ते निर्णय मागे घेतले होते. त्याच सुमारास, मराठीत का बोलावे असा प्रतिप्रश्न केल्यावरून महाराष्ट्र नवनिर्माण सेनेच्या कार्यकर्त्यांनी मिठाईच्या दुकानदाराला थपडा मारल्याची चित्रफीत पसरली. ३ जुलैला व्यापाऱ्यांनी दुकाने बंद ठेवून मोर्चा काढला. त्याला प्रत्युत्तर म्हणून मराठीच्या बाजूने ८ जुलैला मोर्चा निघाला, तो निघण्याआधीच पोलिसांनी कार्यकर्त्यांची धरपकड केली, तरीही लोक रस्त्यावर आले, आणि दुसऱ्याच दिवशी पोलीस आयुक्तांची बदली झाली. मराठी माणसाला त्याच्याच राज्यात घर नाकारले जाते, त्याच्या भाषेची टवाळी होते, ही या मोर्चातली तक्रार निराधार नव्हती. आणि पोटापाण्यासाठी गल्ल्यावर बसलेल्या माणसाने भाषेपायी मार खावा, ही व्यापाऱ्यांच्या मोर्चातली तक्रारही निराधार नव्हती.

कायद्याला या प्रसंगी काय सापडते? जमाव आहे, भाषेचे कारण उघड आहे, परंतु सात वर्षांच्या कलमासाठी जबर दुखापत हवी, म्हणजे हाड मोडावे, दृष्टी जावी किंवा पंधरा दिवस तीव्र वेदना राहाव्यात. थपडेने यातले काही होत नाही. १९६ व्या कलमासाठी दोन समाजांत वैर पसरविणारे शब्द किंवा कृत्य सिद्ध व्हावे लागते आणि न्यायालयाने दखल घेण्यापूर्वी सरकारची मंजुरी लागते. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ च्या एप्रिलमध्ये द्वेषभाषणाचे गुन्हे पोलिसांनी आपण होऊन नोंदवावेत असा हुकूम सर्व राज्यांना दिला, तरी त्याने ही मंजुरीची अट दूर झाली नाही. उरते ती साधी दुखापत, जिला एक वर्षापर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दोन शेजाऱ्यांनी नळावरून एकमेकांना मारावे आणि जमावाने भाषा विचारून एकाला मारावे, या दोहोंत आपला कायदा दुखापतीच्या पायरीवर काहीही भेद करीत नाही.

ज्या इंग्रजांनी १८९८ साली आपल्याला द्वेषाचे कलम दिले, त्यांनी बरोबर शंभर वर्षांनी, १९९८ साली, स्वतःच्या देशासाठी निराळी वाट धरली. वंशद्वेषी वाणीबद्दल त्यांच्याकडे १९६५ पासून तरतूद होतीच. नव्या कायद्याने त्यांनी नेहमीचेच गुन्हे घेतले, साधी मारहाण, दुखापत, मालमत्तेची नासधूस, धाकदपटशा, आणि ते वंशद्वेषाने केलेले असल्यास त्यांची शिक्षा वाढविली. ज्या साध्या मारहाणीला सहा महिने, तिला द्वेषाची जोड असेल तर दोन वर्षांपर्यंत. आपल्याकडे जी फट काशीमीऱ्यात उघडी पडली, ती बुजविण्याचा हा सरळ उपाय आहे, आणि त्यासाठी कोणाच्या वाणीवर नवा पहारा बसवावा लागत नाही.

आपल्याकडील ताज्या मसुद्यांचा ओढा मात्र अजून वाणीकडेच आहे. २०२५ च्या डिसेंबरात कर्नाटक विधिमंडळाने द्वेषभाषण आणि द्वेषगुन्हे प्रतिबंधक विधेयक संमत केले, त्यातील कारणांच्या यादीत भाषा आहे, जन्मस्थान आहे; आणि ते संमत झाले बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात, म्हणजे ज्या शहराच्या मालकीचा दावा महाराष्ट्राने २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात चालविला आहे, तिथे. वाणीचा गुन्हा ठरविण्याचा अधिकार राज्यकर्त्यांच्या हाती गेला की १९०८ ची पुनरावृत्ती होण्यास वेळ लागत नाही. सीमाभागातील मराठी सभेतले भाषण उद्या त्याच कलमाखाली येणार नाही याची हमी कोण देणार?

म्हणून या विषयातील दुरुस्ती तीन गोष्टींनी मोजावी. द्वेषाच्या कारणांची यादी सर्व कलमांत एक असावी. दुखापत साधी असली तरी तिच्यामागील समूहद्वेषाची दखल शिक्षेत घेतली जावी. आणि फिर्याद चालणे न चालणे मंत्रालयाच्या मर्जीवर न राहता, १९८९ च्या कायद्याप्रमाणे, पीडिताच्या हाती असावे. याच्या जोडीला, १८९८ च्या मूळ कलमातच असलेले एक स्पष्टीकरण जपावे, की वैराची कारणे दूर करण्याच्या प्रामाणिक हेतूने ती दाखवून देणे हा गुन्हा नव्हे. मराठी वाचकाला अशा कायद्याची पारख करणे इतरांपेक्षा सोपे जावे, कारण त्याची भाषा मीरा रोडला सत्तेची भाषा आहे आणि बेळगावला अल्पसंख्यांची. आपण काशीमीऱ्यात जे कलम नको म्हणू ते बेळगावात आपल्या उपयोगी पडणार नाही, आणि बेळगावात ज्या कलमाची आपल्याला धास्ती वाटते ते काशीमीऱ्यात दुसऱ्यावर चालवावे असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही. या दोन्ही गावी एकाच शब्दांत वाचता येईल आणि दोन्हीकडे मार खाल्लेल्या माणसाला एकाच रीतीने उपयोगी पडेल, असा मसुदा ज्या दिवशी विधिमंडळाच्या पटलावर येईल, त्या दिवशी तो पाठिंब्यास पात्र ठरेल. त्याआधीचे सारे मसुदे १८९८ च्याच वंशातले समजावे.